सकाळी नऊचा मेल दुपारी अडीचला का येतो?

"अहो, सकाळी नऊला मेल येईल म्हणाला होतात ना? घरातून निघताना मी दोनदा बघितलं, काही नव्हतं. म्हटलं अजून मुदत असेल, म्हणून पुस्तक घरीच ठेवून आलो."

वाचनालयाच्या काउंटरसमोर उभं राहून आमचे सत्तरी ओलांडलेले एक सभासद मला हे सांगत होते. दोन बस बदलून ते येतात. त्या दिवशी ते घरी परतले आणि दुपारी अडीच वाजता त्यांच्या फोनवर मेल आला: "आपल्याकडील पुस्तक परवा परत करावयाचे आहे." मेलमध्ये नाव, पुस्तक, तारीख सगळं बरोबर होतं. फक्त वेळ साडेपाच तासांनी चुकली होती.

वाचनालयाचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. त्यामुळे हा प्रश्न माझाच होता, आणि त्याचं उत्तर शोधताना जे कळलं ते सांगावंसं वाटतं. कारण वीजबिलाची आठवण, सोसायटीच्या मेंटेनन्सची पावती, शाळेच्या फीची सूचना, बँकेचं महिनाअखेरचं विवरण हे मेल रोज आपल्या सगळ्यांना येतात आणि ते पाठवायला कोणी माणूस बसलेला नसतो. लिनक्स या संगणकप्रणालीवर चालणारं एखादं यंत्र ठरल्या वेळी जागं होतं आणि ते रवाना करतं. ते वेळेवर का येतात, का येत नाहीत, कधी दोनदा का येतात, हे कळायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही.

(पुढे काही आज्ञा आणि आकडे देवनागरीत दिले आहेत. यंत्रावर टाइप करताना ते इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच लिहावे लागतात.)

तिघं जण, आणि तिघांचं एकमेकांशी बोलणं नाही

"सर्व्हर मेल पाठवतो" असं आपण सहज म्हणतो. आत डोकावलं तर तिथे तीन वेगळी कामं चाललेली दिसतात. पहिलं काम वेळ सांभाळण्याचं. शाळेतला शिपाई घड्याळाकडे बघून घंटा देतो, तसं. दुसरं काम मजकूर तयार करण्याचं: आज कोणाची मुदत जवळ आली, त्याचं पुस्तक कोणतं, त्याला काय लिहायचं. हे काम एक छोटा प्रोग्राम करतो, त्याला स्क्रिप्ट म्हणतात. तिसरं काम टपालाचं. तयार पत्र घ्यायचं, पत्ता शोधायचा, त्या दारापर्यंत न्यायचं.

घंटा देणाऱ्याला पत्रात काय लिहिलंय हे माहीत नसतं. लिहिणाऱ्याला पत्र पोचलं की नाही हे कळत नाही. आणि पोस्टमनला ते पत्र किती वाजता पोचणं गरजेचं होतं याची कल्पनाच नसते. या क्षेत्रातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ मला इथेच सापडलं. घंटा वेळेवर झाली म्हणजे मूल वर्गात पोचलं, असं आपण धरून चालतो.

घंटा देणारा: क्रॉन

लिनक्सवर घंटा देणाऱ्याचं नाव क्रॉन. काळासाठीच्या ग्रीक शब्दावरून ते आलं असं मानतात. १९७९ साली आलेल्या, युनिक्स या जुन्या संगणकप्रणालीच्या सातव्या आवृत्तीत तो होता. पुढे १९८७ मध्ये पॉल व्हिक्सी यांनी तो नव्याने लिहिला आणि आज अनेक लिनक्स यंत्रांवर चालणारा क्रॉन त्याच वंशातला आहे. मधल्या काळात संगणकाचं सगळं रूप पालटलं, याचं काम मात्र तेच राहिलं: दर मिनिटाला उठायचं, यादी बघायची, या मिनिटाचं काही काम असेल तर ते सुरू करून द्यायचं आणि पुन्हा झोपायचं.

त्या यादीला क्रॉनटॅब म्हणतात. यादीतल्या प्रत्येक ओळीत आधी वेळेचे पाच रकाने येतात आणि मग काम. रकाने असे: मिनिट, तास, महिन्यातली तारीख, महिना, आठवड्यातला वार. "काहीही चालेल" असं सांगायचं असेल तिथे तारका. रोज सकाळी नऊसाठी ओळीची सुरुवात अशी होते:

० ९ * * *

शून्य मिनिट, नववा तास, कोणतीही तारीख, कोणताही महिना, कोणताही वार. फक्त सोमवारी हवं असेल तर शेवटच्या तारकेच्या जागी १. रविवारला ० किंवा ७, दोन्ही चालतं. दर पाच मिनिटांनी हवं असेल तर पहिल्या रकान्यात तारका, तिरकी रेघ आणि ५.

सोपं आहे, पण एका ठिकाणी भलेभले फसतात. आमच्या कार्यकारिणीची सभा महिन्याच्या पहिल्या सोमवारी असते. सहज मनात येतं की तारखेच्या रकान्यात १ ते ७ आणि वाराच्या रकान्यात १ लिहावं: पहिल्या सात दिवसांतला सोमवार. पण तारीख आणि वार हे दोन्ही रकाने भरले असतील तर क्रॉन त्यांचा अर्थ "दोन्ही जुळलं तर" असा घेत नाही, "दोहोंपैकी एक जुळलं तरी" असा घेतो. म्हणजे सभेची सूचना १ ते ७ तारखेपर्यंत रोज जाणार, आणि वर प्रत्येक सोमवारीही जाणार. यावर उपाय असा की क्रॉनला फक्त १ ते ७ तारखा द्यायच्या आणि आज सोमवार आहे का ते स्क्रिप्टने तपासायचं. महिनाअखेरीचंही तसंच. "शेवटचा दिवस" असं म्हणायची सोय त्या रकान्यांत नाही. ३१ लिहिलं तर वर्षातले पाच महिने कोरडे जातात. म्हणून २८ ते ३१ रोज उठायचं आणि "उद्या १ तारीख आहे का?" हे विचारायचं.

साडेपाच तास कुठे गेले?

आता त्या अडीच वाजताच्या मेलकडे येऊ. क्रॉनटॅबमधली ओळ अगदी बरोबर होती. क्रॉनने ठीक नऊला काम सुरू केलं होतं. फक्त ते नऊ आपले नव्हते.

भाड्याने घेतलेले सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसीवर लावलेले असतात. यूटीसी म्हणजे जगाने हिशेबासाठी मान्य केलेली सामाईक वेळ. भारताची वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. सर्व्हरच्या घड्याळात नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे दुपारचे अडीच झालेले असतात, आणि सभासद जेवून आडवे झालेले असतात.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, हिशेब करून लिहायचं: आपले नऊ म्हणजे यूटीसीचे पहाटे साडेतीन, म्हणून ३० ३ * * *. हे चालतं, पण वर्षभराने दुसरं कोणी ती ओळ वाचेल तेव्हा त्याला वाटेल की मेल पहाटे जातात, आणि तो ती "दुरुस्त" करेल. दुसरा उपाय, यंत्राचं घड्याळच एशिया/कोलकाता या विभागावर लावायचं आणि मग क्रॉन एकदा बंद करून पुन्हा सुरू करायचा. हे पुन्हा सुरू करणं विसरू नये. यंत्राचा विभाग बदलला तरी आधीपासून चालू असलेला क्रॉन जुन्याच वेळेवर चालत राहू शकतो. रेड हॅट या कंपनीच्या घराण्यातल्या लिनक्सवर क्रॉनटॅबच्या माथ्यावर क्रॉन_टीझेड असं लिहून तेवढ्या यादीपुरता वेळेचा विभाग ठरवता येतो, आणि तिथे मला तो सगळ्यात स्वच्छ मार्ग वाटतो.

परदेशातल्या सभासदांसाठी आणखी एक गाठ आहे. न्यू जर्सीत सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि उन्हाळ्यात साडेसहा, कारण तिकडे मार्चमध्ये घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरमध्ये मागे आणतात. तिकडच्या लोकांसाठीची वेळ तिकडच्या विभागातच लिहावी, साडेपाच-साडेनऊची गणितं डोक्यात करू नयेत.

हाताने चालवलं तर चालतं, क्रॉनने चालवलं तर नाही. असं का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे. स्वतः बसून स्क्रिप्ट चालवली की मेल जातो, आणि तीच स्क्रिप्ट क्रॉनच्या यादीत टाकली की काहीच होत नाही.

तुम्ही यंत्रावर लॉगिन करता तेव्हा तुमच्यासाठी बरीच मांडामांड झालेली असते: अवजारं कुठल्या कपाटात आहेत, भाषा कोणती, लिपी कोणती. क्रॉन हे काम जवळजवळ रिकाम्या खोलीत सुरू करतो. कपाटांची यादी अगदी छोटी असते, त्यामुळे स्क्रिप्ट ज्या प्रोग्रामला नुसत्या नावाने हाक मारते तो सापडतच नाही. म्हणून क्रॉनसाठी लिहिताना प्रत्येक प्रोग्रामचा पूर्ण पत्ता लिहावा.

मराठीत मेल पाठवणाऱ्यांना भाषेची अडचण जास्त जाणवते. ई-मेलचे मूळ नियम १९८२ चे, आणि ते फक्त इंग्रजी अक्षरं गृहीत धरून केलेले. १९९२ मध्ये माइम नावाची पद्धत आली तेव्हा कुठे इतर लिप्यांना मेलमध्ये रीतसर वाट मिळाली. आज देवनागरीचा प्रत्येक वर्ण यूटीएफ-८ या पद्धतीत तीन बाइट (बाइट म्हणजे संगणकात माहिती मोजायचं एकक) घेतो. "पुस्तक" या शब्दात उकार आणि हलन्त धरून सहा खुणा, म्हणजे अठरा बाइट. क्रॉनच्या रिकाम्या खोलीत "इथे यूटीएफ-८ चालतं" असं कोणी सांगितलेलं नसतं. मग मेल पाठवणारा साधा प्रोग्राम ते अठरा बाइट बघून गोंधळतो. विषयाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते. मेलएक्स नावाच्या अशाच एका प्रोग्रामच्या काही जुन्या प्रकारांत तर मजकूर मेलमध्ये उमटतच नाही, जोडलेल्या फाइलसारखा जातो. एका आजींनी मला फोन दाखवला होता: मेल पूर्ण कोरा, आणि खाली जोडलेली एक फाइल, जी त्यांच्या फोनवर उघडतच नव्हती. आत त्यांच्याच पुस्तकाचं नाव होतं.

उपाय एका ओळीचा आहे. क्रॉनटॅबच्या माथ्यावर लँग हे नाव लिहून त्याला यूटीएफ-८ असलेली भाषामांडणी द्यायची. आणि जमलं तर मेल रचण्यासाठी पायथनसारख्या भाषेतली तयार अवजारं वापरायची, ती विषयाचं सांकेतिक रूप स्वतः नीट करतात.

टक्क्याची खूणही अशीच दगा देते. क्रॉनटॅबच्या ओळीत टक्क्याचा अर्थ "इथे ओळ संपली" असा होतो. "दंडात १०% सूट" असा विषय थेट त्या ओळीत लिहिला तर दहाच्या पुढचं सगळं तुटतं. मजकूर स्क्रिप्टमध्ये ठेवावा, क्रॉनटॅबमध्ये फक्त स्क्रिप्टचा पत्ता असावा.

खरं तर अशी चूक झाली की क्रॉन गप्प बसत नाही. कामातून जे काही छापून बाहेर पडतं ते तो त्या कामाच्या मालकाला मेलने कळवतो. पण तो मेल जातो त्याच यंत्रावरच्या पेटीत, बहुधा रूट, म्हणजे यंत्राच्या मुख्य खात्याच्या, नावाच्या. ती पेटी कोणी उघडत नाही. मी पहिल्यांदा उघडली तेव्हा आत शेकडो पत्रं होती, आणि सगळ्यांत एकच ओळ: कमांड नॉट फाउंड. इतके दिवस यंत्र सांगत होतं. क्रॉनटॅबमध्ये मेलटू असं लिहून पुढे स्वतःचा रोजचा पत्ता द्यावा. बाकी काही करणं झालं नाही तरी हे एवढं आजच करावं असं मला अगदी मनापासून वाटतं.

पोस्टमन आणि त्याची रांग

मजकूर तयार झाला की तो टपाल खात्याकडे जातो. लिनक्सवर हे काम करणारे प्रोग्राम मुख्यतः तीन: एरिक ऑलमन यांचा सेंडमेल, फिलिप हेझेल यांनी १९९५ मध्ये केंब्रिज विद्यापीठासाठी लिहिलेला एक्झिम आणि वीत्स वेनेमा यांचा पोस्टफिक्स, जो १९९८ मध्ये आयबीएमच्या संशोधन विभागातून बाहेर आला. आमच्याकडे पोस्टफिक्स आहे, म्हणून त्याचंच सांगतो.

स्क्रिप्टने मेल पोस्टफिक्सच्या हाती दिला की स्क्रिप्टला "झालं" असं उत्तर मिळतं. इथे थांबून एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. "झालं" याचा अर्थ पत्र पेटीत पडलं, एवढाच. तिथून ते रांगेत जातं. पोस्टफिक्स समोरच्या सर्व्हरचं दार वाजवतो. समोरून दोनशेच्या घरातला आकडा आला, उदाहरणार्थ २५०, तर पत्र स्वीकारलं. पाचशेच्या घरातला आला, उदाहरणार्थ ५५०, तर साफ नकार: असा पत्ता नाही, किंवा तुमचं पत्र नको. आणि चारशेच्या घरातला आला तर "आत्ता नाही, नंतर या."

हे "नंतर या" दिसतं तितकं क्वचित घडत नाही. काही सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्या खेपेला मुद्दामच परत पाठवतात, कारण कचरा पाठवणारे बहुधा दुसऱ्यांदा येत नाहीत आणि खरे पोस्टमन येतात. कधी समोरच्याची पेटी भरलेली असते, कधी त्याचा सर्व्हर बंद असतो. पोस्टफिक्स मग ते पत्र बाजूला ठेवतो आणि पुन्हा जातो. नेहमीच्या मांडणीत तो आधी पाच मिनिटांनी जातो, मग दर खेपेला अंतर वाढवत नेतो आणि ते साधारण सव्वा तासाच्या आत ठेवतो. असं तो पाच दिवस करत राहतो. पाच दिवसांनी हार मानून पत्र परत करतो.

साध्या पत्रव्यवहारासाठी ही चिकाटी फार मोलाची आहे. पण "पुस्तक परवा परत करा" हा मेल चौथ्या दिवशी पोचला तर? सभासदाला वाटतं अजून दोन दिवस आहेत, आणि इकडे दंड सुरू झालेला असतो. आठवणीचा मेल दुधासारखा असतो, ठरावीक वेळेनंतर तो नासतो. म्हणून मी दोन गोष्टी बदलल्या. आठवणींच्या मेलसाठी रांगेतली मुदत पाच दिवसांवरून एका दिवसावर आणली. आणि मेलच्या मजकुरातून "आज", "उद्या", "परवा" हे शब्द काढून टाकले. आता तिथे फक्त तारीख आणि वार असतो. मेल कधीही पोचला तरी तो खोटं बोलत नाही. हा दुसरा बदल करायला पाच मिनिटं लागली, आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो.

रांगेत काय अडकलंय ते मेलक्यू ही आज्ञा दिली की दिसतं. कोणता मेल कोणत्या कारणाने थांबला ते समोरच्या सर्व्हरच्याच शब्दांत लिहिलेलं असतं.

मेल सर्व्हरलाच वेळ सांगून ठेवता येत नाही का?

रास्त शंका आहे. जीमेलमध्ये २०१९ पासून मेल लिहून "उद्या सकाळी पाठव" असं सांगता येतं. मग सर्व्हरला का नाही?

तशी सोय मेलच्या नियमांत आहे. "हे पत्र अमुक वेळेआधी सोडू नका" असं सांगायची जोडणी २००७ मध्येच लिहून ठेवली गेली. पण पोस्टफिक्समध्ये ती नाही. पोस्टफिक्स हाती आलेलं पत्र शक्य तितक्या लवकर पोचवायला बघतो. रांगेत एखादं पत्र अडवून ठेवता येतं, पण ते कोणीतरी मुद्दाम मोकळं करेपर्यंत तिथेच राहतं.

आणि मला तरी वेळ क्रॉनकडे असणंच योग्य वाटतं. सोमवारी लिहून गुरुवारसाठी ठेवलेल्या पत्रात सोमवारची माहिती असते. मधल्या दोन दिवसांत सभासद पुस्तक परत करून गेला तर? गुरुवारी सकाळीच यादी बघून गुरुवारीच पत्र लिहिलं तर त्याला उगाच आठवण जात नाही. पुस्तक परत दिल्यावर येणारी आठवण माणसाला लागते. आपल्यावर विश्वास नाही असं वाटतं.

एकदाच पाठवायचा मेल असेल, जसा येत्या रविवारच्या व्याख्यानाचा, तर क्रॉनचीही गरज नाही. ॲट नावाची आज्ञा आहे. तिला वेळ आणि काम सांगितलं की ती ते एकदा करते आणि यादीतून काढून टाकते.

गेला, स्वीकारलाही, पण स्पॅममध्ये

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मेल पाठवणाऱ्यांसाठीचे नियम कडक केले. त्यानंतर "आमचे मेल अचानक पोचेनासे झाले" असं सांगणाऱ्या लहान संस्था, मंडळं, पतसंस्था मी बऱ्याच पाहिल्या. क्रॉन चालू, पोस्टफिक्स चालू, तरीही मेल स्पॅममध्ये किंवा परत.

अडचण ओळखीची आहे. मेलवर "प्रेषक" म्हणून कोणीही कोणाचंही नाव लिहू शकतो. पोस्टकार्डावर पाठवणाऱ्याचं नाव तपासून कोण बघतं? म्हणून आता तीन ओळखी मागतात आणि त्या तिन्ही डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या सार्वजनिक पत्तावहीत, लिहून ठेवायच्या असतात.

एसपीएफ म्हणजे सोसायटीच्या गेटवर दिलेली यादी: आमच्या नावाने फक्त या यंत्रांवरून पत्रं येतील. डीकेआयएम म्हणजे लखोट्यावरचा लाखेचा शिक्का. पत्र वाटेत कोणी बदललं तर शिक्का मोडलेला दिसतो. आणि डीमार्क म्हणजे पहारेकऱ्याला दिलेली सूचना: यादी आणि शिक्का यांतलं काहीच आमच्या नावाशी जुळलं नाही तर पत्र आत सोडायचं, बाजूला ठेवायचं की परत पाठवायचं.

जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला पाच हजार किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही सक्तीच्या आहेत, आणि जाहिरातवजा मेलमध्ये एका टिचकीत नाव काढून घ्यायची सोयही. "आम्ही कुठे पाच हजार पाठवतो?" असं म्हणून पुष्कळ जण हे सोडून देतात. पण लहान पाठवणाऱ्यालाही एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक लागतंच, आणि सर्व्हरच्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरच्या त्याच्या क्रमांकावरून, उलट शोध घेतला तर त्याचं नाव सापडावं लागतं. मी तर म्हणेन, तिन्ही करून टाका. एका दुपारचं काम आहे.

सर्व्हर भाड्याने देणाऱ्या अनेक क्लाउड कंपन्या नव्या सर्व्हरवरून बाहेर जाणारं २५ क्रमांकाचं दार बंदच ठेवतात. एक सर्व्हर मेल दुसऱ्याकडे देतो ते याच दारातून, त्यामुळे पोस्टफिक्स उत्तम चालत असूनही एकही पत्र बाहेर पडत नाही. अशा वेळी ५८७ क्रमांकाच्या दारातून, नाव आणि पासवर्ड देऊन, एखाद्या मोठ्या टपाल-सेवेमार्फत मेल पाठवावे. त्याला रिले म्हणतात. त्यात कमीपणा काही नाही. वेळ आणि मजकूर तुमच्याच हातात राहतो.

वार्षिक सभेची सूचना अकराशे जणांना एका दमात सोडू नये, हेही इथेच सांगतो. आमचे बहुतेक सभासद जीमेलवर आहेत. एकाच दारावर अकराशे पत्रं एकदम आदळली की पहारेकरी सावध होतो. पोस्टफिक्सला एका ठिकाणी दोन पत्रांमध्ये एक सेकंद थांबायला सांगता येतं. अकराशे पत्रांना मग अठरा-वीस मिनिटं लागतात. सभेला अजून पंधरा दिवस असतात.

एकच मेल दोनदा

हा दोष मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण पैशाच्या मेलमध्ये तो माणसाला घाबरवतो. "आपला दंड रु. २०" असा मेल दोनदा आला की चाळीस समजणारे सभासद आहेत, आणि त्यांची काही चूक नाही.

दोनदा जाण्याचं एक कारण सोपं. काम दर पाच मिनिटांनी सुरू होतं, पण एखाद्या दिवशी ते संपायला सात मिनिटं लागतात. क्रॉन आधीचं संपलं का हे बघत नाही, दुसरं सुरू करतो, आणि दोघं मिळून तीच यादी वाचतात. एफलॉक नावाचं अवजार यावर कडी घालतं: एक आत असेल तर दुसरा परत जातो.

दुसरं कारण खोल आहे. मेल गेला अशी खूण नोंदवहीत कधी करायची? पाठवून झाल्यावर केली, आणि नेमकी त्या दोहोंच्या मध्ये वीज गेली, तर मेल गेला पण खूण नाही, म्हणजे तो पुन्हा जाणार. आधी खूण करून मग पाठवला, आणि मध्ये वीज गेली, तर खूण आहे पण मेल गेलाच नाही. यातून पूर्ण सुटका करणारी युक्ती नाही. निवड करावी लागते, आणि ती माणसांकडे बघून करावी. पुस्तकाची आठवण दोनदा गेली तर बिघडत नाही, अजिबात न गेली तर दंड बसतो. म्हणून तिथे पाठवून मग खूण. दंडाच्या मेलला उलट: आधी खूण, मग मेल. चुकून राहिलाच तर सभासद काउंटरवर येतो तेव्हा तोंडी सांगता येतं.

आपण यंत्र आहोत हे मेलने सांगावंही लागतं. मेलच्या माथ्यावर, वाचणाऱ्याला न दिसणारी, ऑटो-सबमिटेड नावाची एक ओळ घालायची असते. २००४ पासूनचा नियम आहे तो. समोरच्याने "मी सुट्टीवर आहे" असं आपोआप उत्तर लावलेलं असेल तर ही ओळ बघून ते गप्प राहतं. नाही तर दोन यंत्रं एकमेकांना रात्रभर उत्तरं देत बसतात.

सर्व्हर त्या वेळी बंद असेल तर?

साधा क्रॉन झालं गेलं विसरतो. नऊला यंत्र बंद होतं आणि सव्वानऊला सुरू झालं, तर त्या दिवशीची घंटा झालीच नाही. उद्या नऊला पुढची.

आजच्या बहुतेक लिनक्सवर सिस्टमडी टायमर नावाची दुसरी सोय असते. त्यात पर्सिस्टंट हा पर्याय चालू केला की यंत्र सुरू होताच हुकलेलं काम आधी करतं. आमच्या गावात वीज जाते, म्हणून रोजच्या आठवणी मी टायमरवर हलवल्या. बाकीची कामं क्रॉनवरच आहेत.

"हे सगळं कशाला, व्हॉट्सॲपचा ग्रुप करा"

हे मला दर सभेत सांगितलं जातं. ग्रुपमध्ये कोणी कोणतं पुस्तक नेलं आणि कोणाला दंड झाला हे सगळ्यांना दिसतं. वाचक काय वाचतो ही त्याची खाजगी गोष्ट आहे, आणि वाचनालयाने तरी ती जपायला हवी. मेल एकट्याला जातो, त्याची नोंद राहते, आणि तो पाठवायला कोणा कंपनीची परवानगी लागत नाही. ज्यांच्याकडे मेल नाही अशा सभासदांना आम्ही फोन करतो.

आता रोज रात्री आठ वाजता क्रॉन मला एक मेल पाठवतो. त्यात पोस्टफिक्सच्या नोंदींतून काढलेले तीन आकडे असतात: किती स्वीकारले गेले, किती रांगेत थांबलेत, किती परत आले. परत आलेल्यांची नावं मी काउंटरवरच्या वहीत लिहून ठेवतो. तो सभासद पुढच्या वेळी आला की ग्रंथपाल बाई वही पुढे करतात आणि पत्ता त्याच्याच हाताने लिहून घेतात. मागच्या आठवड्यात चार नावं होती. त्यातल्या तिघांच्या पत्त्यात जीमेलच्या शेवटचं "कॉम" लिहायचं राहून गेलं होतं.